मेलेल्या पावडरीचा तपास

नोकरीच्या वर्षांत शेकडो तक्रारी हाताखालून गेल्या. बहुतेकांची कलमं, तारखा, चेहरे विसरलो आणि विसरलो ते बरंच झालं. ही एक घटना मात्र आजही आठवते, आणि तीही नेमकी पाणी पिताना. पेला हातात तसाच राहतो. बायको म्हणते, "पाणी प्यायचं असतं, त्याची चौकशी करायची नसते." तिला ही हकीकत इतक्यांदा सांगून झाली आहे की ती आता पुढचं वाक्य माझ्या आधी म्हणते. म्हणून तुम्हाला सांगतो. नावं कुणाचीच सांगणार नाही. ती माणसं अजून तिथंच राहतात, कामाला जातात, आणि कुणी बोट दाखवावं असं त्यांनी काही केलेलं नाही.

धारवाडजवळच्या बेलूरच्या औद्योगिक वसाहतीचा भाग तेव्हा आमच्या ठाण्याच्या हद्दीत होता. कारखान्यांच्या भागातल्या ठाण्यात कामं ठरलेली असतात. यंत्रात सापडलेला हात, गेटवरची बाचाबाची, ट्रकचा धक्का, आणि तांब्याच्या तारांची चोरी. तारा चोरणाऱ्यांना पकडण्यात माझा हातखंडा होता. भंगारवाल्याच्या दुकानात शिरल्याबरोबर कुठल्या पोत्याखाली तांबं आहे ते मी सांगत असे. ही बढाई आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे तिचीच मला लाज वाटायची आहे.

एका बुधवारी सकाळी हजेरी चालू असताना एक गृहस्थ ठाण्यात आले. चाळिशीच्या आतबाहेरचे, हुबळीच्या देशपांडे नगरातल्या डॉक्टरांचे चिरंजीव, बरंच शिकलेले. वसाहतीत त्यांचं लहानसं युनिट होतं. तक्रार अशी की युनिटमधली खरी पावडर कुणीतरी चोरतंय आणि तिच्या जागी तशीच दिसणारी खोटी पावडर भरून ठेवतंय.

"कसली पावडर?" मी विचारलं.

"हुलग्याची."

माझ्या डोळ्यांपुढे हुलग्याचं माडगं आलं. ठाणे अंमलदाराने तर तोंड फिरवून हसू दाबलं. गृहस्थांना याची सवय असावी. त्यांनी शांतपणे समजावून सांगितलं. हुलग्याच्या बीत एक विकर असतं, म्हणजे एन्झाइम. ते युरियाला तोडतं. दुधात युरियाची भेसळ आहे का हे तपासायच्या पट्ट्या निघतात, त्यांना हे विकर लागतं. ते बीतून काढायचं म्हणजे हुलगा भिजवायचा, थंड पाण्यात वाटायचा, गाळायचा, त्यातला हवा तेवढाच भाग खाली बसवायचा, धुवायचा आणि थंडीतच सुकवायचा. पोतंभर हुलग्यातून हाताच्या ओंजळीत मावेल एवढी पावडर निघते. दहावीला विज्ञानात मी कसाबसा काठावर निघालेला माणूस, पण एवढं मला कळलं.

त्यांची पावडर दोन महिन्यांपासून मेलेली निघत होती. 'मेलेली' हा त्यांचाच शब्द. वजन बरोबर, रंग बरोबर, पण युरियावर काम शून्य. पट्ट्या करणाऱ्या कंपनीने माल परत पाठवला होता आणि सोमवारपर्यंत लेखी कारण मागितलं होतं. कारण चोरी असेल तर एफआयआरची प्रत हवी, नाहीतर खरेदी बंद. त्यांना स्वतःला वेगळीच गोष्ट खात होती. ते म्हणाले, "साहेब, पट्टी मेली तर भेसळीचं दूध चांगलं ठरतं. कुणीतरी ते विश्वासाने पोराला पाजतं."

संशय कुणावर, असं विचारल्यावर ते घुटमळले. वहीत त्यांनी प्रत्येक बॅचची नोंद ठेवली होती. मंगळवारची बॅच पूर्ण मेलेली, मग रोज थोडी थोडी सुधारत शनिवारी अर्धी जिवंत, आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा शून्य. दर सोमवारी ते माल पोचवायला हुबळीला जात आणि दिवसभर बाहेर असत. म्हणजे जे काही होत होतं ते सोमवारी, त्यांच्या पाठीमागे. लेखी तक्रारीत त्यांनी संशयिताचा रकाना कोरा सोडला. मी तो अर्ज चौकशीवर घेतला.

दुसऱ्या दिवशी ठाण्याच्या फोनवर खबर आली. बोलणारा कन्नडमध्ये, आवाज रुमालाआडून आल्यासारखा. त्या हुलग्याच्या युनिटातल्या म्हातारीवर नजर ठेवा, ती सगळ्यांच्या आधी तासभर येते आणि निळ्या पिशवीतून काहीतरी नेते, एवढं सांगून त्याने फोन ठेवला. निनावी खबरीत निम्मा द्वेष असतो हे खरं, पण उरलेल्या निम्म्यासाठी आपल्याला जावंच लागतं.

शुक्रवारी मी हवालदार आणि एका महिला कॉन्स्टेबलला घेऊन युनिटवर गेलो. ही कॉन्स्टेबल हुशार बाई. कन्नड तिची मातृभाषा, मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ, आणि नियमाला माझ्यापेक्षा पक्की. युनिट म्हणजे चार खोल्या. एकीत बियांची पोती, एकीत वाटण-गाळण, एक थंड खोली, एक ऑफिस. माणसंही मोजकीच. मालक, नऊ वाजता येणाऱ्या दोन केमिस्ट मुली, गेटवरचा रखवालदार, आणि अक्का.

अक्का पंचावन्नच्या पुढची. घरची भाषा मराठी, गाव अळणावरकडचं. आठवडाभर वसाहतीजवळ एका नातलग बाईकडे राहायची आणि शनिवारी गावी जायची. युनिट उघडलं त्या दिवसापासून ती तिथं होती, मालकांना 'धाकलं सायेब' म्हणायची. बी पाखडणं, निवडणं, भिजत घालणं, भांडी धुणं, पाणी भरणं ही तिची कामं. सगळ्यांत मोठं काम वेगळंच होतं. युनिटला लागणारा काळसर बारीक गावठी हुलगा बाजारात मिळत नाही. तो अक्काच्या गावातल्या आणि आसपासच्या बायका पिकवायच्या आणि अक्काच्या शब्दावर द्यायच्या. कुणाचं बी कीड लागलेलं, कुणाचं जुनं, हे ती मुठीत घेऊन सांगायची, आणि तिचा शब्द शेवटचा असायचा. मालक सांगत होते, "सुरुवातीला आम्हाला जेवायची शुद्ध नसायची. अक्का आपल्या डब्यातली भाकरी मोडून द्यायची." आणि त्याच तोंडाने ते तिच्याकडे संशयाने बघत होते. त्यांची ती ओढाताण मला स्पष्ट दिसत होती.

युनिटचे नियम कडक होते. बाहेरची वस्तू आत आणायची नाही. फूल नाही, कुंकवाचा करंडा नाही, काचेच्या बांगड्या नाहीत. अक्का रोज दारात बांगड्या काढून डब्यात ठेवायची आणि जाताना भरायची.

मी तिला ऑफिसात बोलावलं आणि खुर्ची दिली. ती खुर्चीच्या कडेवर बसली. निळ्या पिशवीतून काय नेता, असं विचारलं. ती म्हणाली, हुलग्याचा चोथा, म्हशीला. मालकांनी मान हलवली, चोथा न्यायला परवानगी होती. मग मी रखवालदाराची वही मागवली. तो गडी नेमका होता. शनिवारी 'पिशवी जड' अशी बाहेरची नोंद होती, आणि सोमवारी सकाळी आत येतानाही 'पिशवी जड'.

चोरी करणारा आत येताना हलका असतो आणि बाहेर जाताना जड. ही बाई दोन्ही वेळा जड होती. मला वाटलं, खोटा माल आत येतोय आणि खरा बाहेर जातोय. मी विचारलं, "सोमवारी चोथा कारखान्यात घेऊन येता काय, अक्का?"

तिने एकदा मालकांकडे बघितलं, पदर तोंडाशी नेला आणि मान खाली घातली. पुढे अर्धा तास मी नाना तऱ्हेने विचारलं, कॉन्स्टेबलने गोडीगुलाबीने विचारलं, पण ती एक शब्द बोलली नाही. निर्दोष माणूस आरडाओरडा करतो आणि गुन्हेगार गप्प बसतो, असा आमच्या खात्यात एक समज आहे. मीही तो बाळगून होतो. तोवर हवालदाराने चारही खोल्या धुंडाळल्या. मूठभर पावडरीची पुडी, बाटली, काहीच सापडलं नाही.

शनिवारी गेटवर पिशवी उघडून बघायची असं मी ठरवलं होतं. पण शुक्रवारी संध्याकाळीच रखवालदाराचा निरोप आला की अक्का पिशवी घेऊन, शनिवारची रजा टाकून गावी गेली. झालं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच, असं मी हवालदाराला मोठ्या तोऱ्यात सांगितलं.

शनिवारी मालक ठाण्यात आले. नोकराने केलेल्या चोरीची फिर्याद टाइप करून तयार होती, अक्काचं नाव घालून. त्यांनी पेन हातात घेतलं, खाली ठेवलं, पुन्हा घेतलं. म्हणाले, "केस झाली तर ती आत जाईल का?" मी म्हटलं, अटक करायची की नाही ते नंतर बघू, पण नाव लागेल. "तिच्या गावात नाव लागणं म्हणजे..." असं म्हणून ते थांबले. कंपनीची मुदत सोमवारची होती. मी त्यांना रविवारपर्यंत सही राखून ठेवायला सांगितलं, आधी तिचा रीतसर जबाब घेतो म्हणालो. आणि हवालदाराला हुकूम सोडला की तिला उद्या ठाण्यात बोलाव.

"सर, तसं चालत नाही," कॉन्स्टेबल म्हणाली. "बाईमाणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलवता येत नाही. तिच्या राहत्या घरी जावं लागतं."

मला माहीत नव्हतं असं नाही. पण कायद्यातल्या त्या वाक्याचा मला जुना राग होता. एका जबाबासाठी जीप काढा, खड्ड्यांतून दीड तास जा, तिथं आठ बायका दारात उभ्या, कोंबड्या पायांत. जबाब घ्यायचा तर ठाण्यातच, समोर टेबल असलं की माणूस खरं बोलतो, अशी माझी ठाम समजूत होती. मी कॉन्स्टेबलवर चिडलो. ती शांतपणे म्हणाली, "मग सकाळी आठला निघूया का, सर?"

रविवारी आम्ही अक्काच्या गावी पोचलो. जीप थांबली तशी घराघरांतून माणसं बाहेर आली. अक्काचं घर लहान, पण सारवलेलं, स्वच्छ. ती परसात भांडी घासत होती. आम्हाला बघून उठली, हात धुतले, चटई टाकली. कुंपणापलीकडे गावातल्या बायका जमल्या. त्यांतली एक म्हातारी मला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली की अक्कावर केस झाली तर आम्ही आमचा हुलगा कुणाच्या तोंडाकडं बघून द्यायचा. अक्काने तिला हातानेच गप्प केलं. त्या बायकांच्या नजरा बघितल्या तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की या बाईचं काय पणाला लागलं आहे. तिच्याकडे शेत नव्हतं, घर बेताचं. तिचा शब्द हीच तिची सगळी मिळकत होती, आणि मी तो मोडायला जीप घेऊन आलो होतो.

मी कागद काढला. तिने तो बघितला न बघितल्यासारखा केला आणि गुळाचा खडा व पाण्याचा तांब्या पुढे ठेवला.

"आधी पानी घ्या री, सायेब. मग काय ते इचारा."

आमच्या भागात ही रीत आहे. वैरी आला तरी आधी गूळपाणी. उन्हातून आलो होतो, मी घटाघटा प्यायलो. थंडगार, आणि चवीला माझ्या आईच्या घरच्या पाण्यासारखं. मी ते बोलूनही दाखवलं. अक्काचा चेहरा दोन दिवसांत पहिल्यांदा सैल झाला.

"तांब्याच्या हंड्यातलं हाय न्हवं," ती म्हणाली. "आत्ताच घासून भरलं."

मी सहज परसाकडे बघितलं. दगडावर तो हंडा होता. दहाएक लिटरचा, चिंचेने घासून लालभडक केलेला. शेजारी चिंचेचा कोळ आणि थोडी राख. आणि मागच्या भिंतीवर, धुऊन वाळत घातलेली, निळी पिशवी. पिशवीचं बूड गोल ताणलं गेलं होतं, हंड्याच्या बुडाएवढं.

माझ्यासोबतचा हवालदार हळूच म्हणाला, "सर, हा हंडा मी शुक्रवारी बियांच्या खोलीत पोत्यांमागं बघितला की. घरचा पाण्याचा असंल म्हणून सोडला."

तांब्याच्या तारेचा तुकडा पोत्याखालून हुडकून काढणारे आम्ही. आणि हा हंडा बघून सोडून दिला होता.

मी जबाबाचा कागद बाजूला ठेवला. विचारलं, "अक्का, हा हंडा सोमवारी कुठं जातो?"

ती हंड्याशेजारी खाली बसली. कॉन्स्टेबल उठून तिच्या शेजारी जमिनीवर बसली, तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि कन्नडमध्ये म्हणाली, अक्का, सांगून टाका. आणि मग अक्का बोलायला लागली.

"आमच्या धाकल्या सायबांचं पानी गाळायचं यंत्र बिघडलं, दोन म्हैनं झालं. तवापास्नं टेंपोतनं प्लास्टिकच्या कॅनात पानी येतंय. उन्हात उभं ऱ्हातंय. वास मारतंय, सायेब. धाकलं सायेब सारखं म्हंत्यात, अक्का, पानी शुद्ध पायजे, पानी बिघडलं की समदं बिघडलं. मग मी इचार केला, पानी शुद्ध कशात ऱ्हातं? आमची आई, तिची आई, समद्या तांब्यात ठेवायच्या. तर माझा हंडा नेला. सांजेला कॅनातलं पानी हंड्यात वतायचं, सकाळी लवकर येऊन पुन्ना पावडरीच्या कामाच्या काचेच्या बरणीत भरायचं. शनवारी घरी आणून चिंचेनं घासायचा. बाहेरचं भांडं आत आणायचं न्हाई, ठावं हाय मला. म्हणून लपवलं. नियम मोडला म्हणून काढून टाकतील वाटलं. पावडरीला मी हात न्हाई लावला, यल्लम्माची आण."

मी जबाब लिहून घेतला, वाचून दाखवला, तिने अंगठा न देता सही केली, आणि सही करताना पाठ ताठ होती. माझं मन हलकं झालं. पण खरं सांगायचं तर मला अजून काहीच कळलं नव्हतं. चोरी बाईने केली नाही एवढं कळलं. मग पावडर कोण मारतंय? तांब्यातलं पाणी चांगलंच असतं, हे मीही आईकडूनच शिकलो होतो. आत्ताच तांब्याभर पाणी पोटात गेलं होतं.

अंगणात उभं राहून मालकांना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"तांबं?" ते म्हणाले. "साहेब, तो हंडा उद्या आणता? पाण्यासकट. आणि अक्कालाही घेऊन या. ती हवीच."

सोमवारी सकाळी युनिटमध्ये दोन पंचांसमोर ती परीक्षा झाली. असला पंचनामा मी त्याआधी कधी लिहिला नव्हता आणि त्यानंतरही नाही. मालकांनी फ्रीजमधून जुनी, जिवंत पावडर काढली. दोन काचेच्या नळ्यांत तीच पावडर, तेवढीच. एकीत न उघडलेल्या कॅनमधलं पाणी, दुसरीत अक्काच्या हंड्यातलं. थोडा वेळ थांबून दोन्हीत युरियाचं पाणी आणि रंग दाखवणाऱ्या औषधाचे थेंब टाकले. दोन्ही नळ्या पिवळ्या होत्या. आम्ही सगळे वाकून बघत होतो, रखवालदारसुद्धा दारातून.

पहिली नळी हळूहळू गुलाबी झाली आणि मग लाल. हळदीत चुना पडल्यासारखी. दुसरी पिवळीच राहिली. पाच मिनिटं झाली, दहा झाली, तरी पिवळी.

मालकांनी मला समजेल अशा भाषेत सांगितलं. या विकराला तांब्याचा अंशही सोसत नाही. चिंचेने नुकत्याच घासलेल्या हंड्यात पाणी रात्रभर राहिलं की तांबं त्यात उतरतं, अगदी थोडं, माणसाला कळणारही नाही. पण शेवटच्या टप्प्याला ते पावडरीचं पाणी एका पातळ पिशवीत भरून मोठ्या टबात पोहत ठेवतात. पिशवीतलं मीठ बाहेर जावं म्हणून. मीठ बाहेर जायचं आणि टबातलं तांबं आत येऊन विकराला चिकटून बसायचं. सोमवारी हंडा ताजा घासलेला, म्हणून मंगळवारी शून्य. आठवडाभरात हंडा काळवंडत जायचा, तांबं कमी उतरायचं, म्हणून शनिवारी अर्धी. त्यांनी कॅनचं पाणी तीनदा तपासलं होतं, पण ते कॅनमधून घेऊन. बरणीतलं पाणी तेच असणार हे त्यांनी गृहीत धरलं होतं.

अक्का त्या पिवळ्या नळीकडे बघत होती. तिला सगळं कळलं नसेल, पण हवं तेवढं कळलं होतं.

"म्हंजे मीच मारलं ते," ती म्हणाली. आणि मग माझ्याकडे वळून, "सायेब, तर मग केस माझ्यावरच की."

मी अनेक कबुलीजबाब ऐकले आहेत. मारून घेतलेले, भीतीने दिलेले, दुसऱ्याला वाचवायला दिलेले. असा एकही ऐकला नव्हता. मी पंचनाम्यात उगाच मान घातली.

मालक खुर्चीतून उठले आणि अक्कापुढे फरशीवर बसले. दोन्ही केमिस्ट मुली बघत होत्या, पण त्यांना त्याचं भान नव्हतं. "अक्का, चूक माझी," ते म्हणाले. "मी तुला नियम सांगितला. कारण कधी सांगितलं नाही."

तक्रार त्यांनी तिथंच मागे घेतली. कंपनीला खरं कारण लिहून कळवलं आणि कंपनीने त्यांना आणखी एक संधी दिली. निनावी फोन रखवालदाराचा होता हे मी त्याच्या वहीतल्या 'पिशवी'च्या नोंदींवरूनच ओळखलं होतं; त्या पिशवीवर एवढी नजर त्याचीच होती. विचारल्यावर तो रडला. माल नाहीसा होतोय अशी कुजबूज होती, आणि गेटवर मीच असतो, उद्या माझ्यावर येईल, म्हणून भीतीने केला म्हणाला. अक्काने त्याला एका वाक्यात मोकळं केलं. तुझ्या वहीत खरंच लिवलं होतंस की, म्हणाली.

पण ती स्वतः मोकळी झालेली नव्हती. आम्ही निघताना ती जीपपर्यंत आली. म्हणाली, "सायेब, तुमी जीप घेऊन माझ्या दारात आलात, ते अख्ख्या गावानं बघितलं. केस न्हाई, हे कोन बघनार?"

या प्रश्नाला आमच्या नियमावलीत उत्तर नाही. चौकशीला कसं जायचं ते लिहिलेलं आहे; चौकशी संपल्यावर त्याच दारात परत कसं जायचं ते कुठंच लिहिलेलं नाही. पुढच्या रविवारी मी पुन्हा त्या गावी गेलो, त्याच जीपने, पूर्ण गणवेशात, कॉन्स्टेबलला घेऊन. मालकही आले. अक्काच्या अंगणात बसलो. कुंपणापलीकडे त्याच बायका. मी उभा राहून सांगितलं की या बाईवर कसलीही केस नाही, नव्हती, आणि संशय घेण्यात चूक पोलिसांची झाली. तेवढं बोलायला मला किती जड गेलं ते माझं मला ठाऊक. मग मी सगळ्यांदेखत अक्काकडे पाणी मागितलं. तिने गूळ आणि पाणी दिलं. ती म्हातारी कुंपणातून आत आली, चटईवर माझ्या शेजारी बसली आणि मालकांना म्हणाली की यंदा हुलगा बरा आलाय, पोती कधी पाठवू.

जाताना अक्काने तो हंडा निळ्या पिशवीत घालून माझ्या हातात दिला. मी नको म्हणत होतो. तिचं म्हणणं असं की तो आता युनिटात जायचा नाही, आणि घरात ठेवला तर रोज ती पिवळी नळी आठवेल. पण माणसाला हे पाणी चांगलंच आहे, तेव्हा माणसांसाठी ठेवा.

मी तो ठाण्यात ठेवला, लोक ताटकळत बसतात त्या बाकाशेजारी. मुद्देमालाच्या यादीत नाही, सरकारी सामानाच्या यादीतही नाही. मी अंमलदाराला सांगून ठेवलं की चौकशीला आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचं आणि प्रश्न नंतर विचारायचे. सुरुवातीला पोरं हसली. पण पाणी प्यायलेला माणूस वेगळं बोलतो, हे त्यांनीही बघितलं.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली, आणि ती शिकायला मला नोकरीची बहुतेक वर्षं घालवावी लागली. अक्काने काय नेलं, हे आम्ही सगळ्यांनी विचारलं. तिने जे आणलं ते कशासाठी, हे कुणी विचारलं नाही. ते कळलं तिच्या घरी गेल्यामुळे, आणि तिच्या घरी मी गेलो तो राजीखुशीने नव्हे, कायद्यातल्या एका वाक्याने ओढत नेलं म्हणून. ज्याने कुणी ते वाक्य लिहिलं त्याला मी वर्षानुवर्षं शिव्या दिल्या होत्या. आता रोज मनातल्या मनात हात जोडतो.

मी निवृत्त झालो त्या दिवशी शाल, नारळ, भाषणं सगळं झालं, आणि निघताना हवालदाराने विचारलं, साहेब, हंडा गाडीत ठेवू का? तुमचा आहे. मी म्हटलं, राहू दे. नंतर कळलं की तो काही माझा नव्हताच. त्या कॉन्स्टेबलची आता बढती झाली आहे, ती सांगते. दर दिवाळीच्या आधी अक्का आपण होऊन ठाण्यात येते, जिला कायद्याने आम्हाला तिथं बोलावता येत नव्हतं ती. पोरांना घासता येत नाही म्हणते. मागच्या पडवीत बसून चिंचेने हंडा लालभडक करते, भरून बाकाशेजारी ठेवते, आणि जाताना दरवर्षी नव्या अंमलदाराला तोच प्रश्न विचारते.

"ह्यातलं पानी कुनी पावडरीत घालत न्हाई न्हवं?"